चषकाच्या बुडाशी कोरलेली ढाल : डेन्मार्कच्या एका लहान सरदार घराण्याचा माग

(१)
नोव्हेंबर १६२०. तंजावरचा राजा रघुनाथ नायक आणि डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन चौथा यांच्यात करार झाला. त्यानुसार कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगमबाडी हे गाव डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना मिळाले आणि तेथे डान्सबोर्ग हा किल्ला उभा राहिला. डेन्मार्कच्या वतीने बोलणी करणारा आरमारप्रमुख अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याचे नाव ओव्हे गेद्दे.
हे बहुतेक इतिहासप्रेमींना ठाऊक असते. पण हे गेद्दे होते तरी कोण?

(२)
त्यांच्या घराण्याची बखर नाही. राजवाडे, युद्धे, तह यांच्या इतिहासात असली लहान सरदार घराणी ओझरती येतात आणि नाहीशी होतात. तरीही त्यांचा माग काढता येतो. त्यासाठी दोन साधने हवीत : ढालीवरचे कुलचिन्ह आणि चर्चला दिलेले दान. एक सांगते ‘कोण’, दुसरे सांगते ‘कोठे आणि केव्हा’.
ही साधने कशी वाचायची, कोठे फसवतात आणि ती वाचल्यावर कोणाचे चेहरे समोर येतात, हे या थ्रेडमध्ये पाहू.

(३)
आरंभ नावापासून करू. ‘गेद्दे’ हे एका माशाचे डॅनिश नाव आहे. गोड्या पाण्यातला, लांबट जबड्याचा, इतर मासे गिळणारा शिकारी मासा. घराण्याच्या ढालीवर हाच मासा होता.
आपल्याला वाटेल, आडनाव गेद्दे म्हणून ढालीवर मासा आला. घडले नेमके उलटे. ढालीवर मासा होता, म्हणून आडनाव गेद्दे पडले.

(४)
मध्ययुगीन डेन्मार्कमध्ये सरदारांनाही आडनाव नसे. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, एवढ्यावर भागे. ओट्टेचा मुलगा तो ‘ओट्टेसेन’, मुलगी ती ‘ओट्टेसदात्तर’. त्यात थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल.
खगोलशास्त्रज्ञ ट्युको ब्राहेचेच पाहा. आजोबा ट्यूगे, वडील ओट्टे, मुलगा पुन्हा ट्यूगे. ‘ट्युको’ हे त्याच नावाचे लॅटिन रूप. अशी चारपाच घराणी एका परगण्यात असली की कागदपत्रांतला ‘ट्यूगे ओट्टेसेन’ नेमका कोणता, हे सांगताना अभ्यासकाची दमछाक होते.

(५)
१५२६ मध्ये राजा फ्रेडरिक पहिला याने फर्मावले की सरदार घराण्यांनी कायमचे कुलनाम धारण करावे. तेव्हा पुष्कळांनी आपल्या ढालीकडे पाहिले आणि तेथील चिन्हच नाव म्हणून घेतले. सोनेरी तारा असलेले झाले ग्युल्डेनस्टिएर्ने. दुसरे कोणी ब्योर्न, म्हणजे अस्वल. ट्रोले घराण्याच्या ढालीवर शिर नसलेला राक्षस होता, नावाचा अर्थही तोच.
म्हणून पहिला धडा असा : डेन्मार्कमध्ये ढाल नावापेक्षा जुनी आहे.

(६)
१५२६ पूर्वीचा माणूस ओळखायचा तर त्याची मोहोर पाहावी लागते. जमिनीच्या व्यवहाराला, साक्षीला, तडजोडीला सरदार आपली मेणाची मोहोर लावी. नाव ‘येन्स नील्सेन’ असे सर्वसामान्य असले तरी मोहोरेवरची ढाल त्याचे घराणे सांगे.
अँडर्स थिसेट आणि हेन्री पीटरसन या दोघांच्या नावावर डेन्मार्कच्या मध्ययुगीन सरदारी मोहोरांचा मोठा संग्रहग्रंथ आहे. १८८४ पासून निघू लागलेल्या डॅनिश सरदार घराण्यांच्या वार्षिकामागेही थिसेटची मेहनत होती.

(७)
आता पहिला सापळा. ‘मुंक’ हे आडनाव घ्या. अर्थ, मठातला साधू. डेन्मार्कमध्ये या नावाची एकाहून अधिक घराणी होती आणि त्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही. म्हणून इतिहासकारांना ढालीच्या आधाराने त्यांना टोपणनावे द्यावी लागली. आडवा पट्टा असलेले ते ‘ब्येल्के-मुंक’, द्राक्षवेल असलेले ते ‘विनरांके-मुंक’. शिवाय लांगे घराण्याशी जोडलेले ‘लांगे-मुंक’ निराळेच.
नाव सारखे म्हणून नाते जोडले की वंशावळ पहिल्याच पायरीवर चुकते.

(८)
आता चर्चकडे वळू. शेलंड बेटावर फ्येनेस्लेव्ह नावाच्या गावी बाराव्या शतकातले चर्च आहे. आतल्या भिंतीवर जुने चित्र आहे : आसेर रिग आणि त्याची पत्नी इंगे हे दांपत्य आपण बांधलेले चर्च देवाला अर्पण करीत आहे. त्यांचा एक मुलगा पुढे बिशप आब्सालोन म्हणून प्रसिद्ध झाला. कोपनहेगनच्या उभारणीशी त्याचे नाव जोडलेले आहे.
दान देणाऱ्याने दानातच स्वतःची आकृती ठेवायची, ही प्रथा इतकी जुनी आहे.

(९)
मध्ययुगात या दानामागे आत्म्याची काळजी असे. आपल्यामागे आपल्यासाठी प्रार्थना व्हावी, म्हणून जमीन, वेदी, मूर्ती, पात्रे दिली जात. आर्हुसच्या कॅथेड्रलमध्ये ल्युबेकच्या बेर्न्ट नोट्केने घडवलेला भव्य वेदीफलक आहे, १४७९ सालचा. तो करवून घेणारा बिशप स्वतःला येन्स इव्हर्सेन म्हणवी, म्हणजे इव्हरचा मुलगा येन्स. आजच्या पुस्तकांत त्याच्या नावापुढे ‘लांगे’ हे कुलनाम लागते.
वर सांगितलेला नियम येथे पुन्हा दिसतो : नाव मागाहून आले.

(१०)
१५३६ मध्ये डेन्मार्कने ल्यूथरची धर्मसुधारणा स्वीकारली. मृतांसाठी प्रार्थना विकत घेण्याचा मार्ग बंद झाला. मठांच्या मालमत्ता राजाकडे गेल्या. मग दान थांबले का? नाही, त्याचे रूप बदलले.
आता सरदार प्रवचनपीठ देऊ लागले, कारण नव्या पंथात प्रवचनाला मान होता. वेदीफलक, घंटा, मेणबत्तीची पितळी झाडे, प्रभुभोजनाचे चषक, कोरीव बाके, स्मृतिफलक ही दाने आली. आणि जवळजवळ प्रत्येकावर ढाल आली.

(११)
आता गेद्दे घराण्याच्या वास्तव्याकडे वळू. ओव्हेचा जन्म २७ डिसेंबर १५९४ रोजी स्कोने प्रांतातील टोमार्प येथे झाला.   ओव्हेचे वडील ब्रोस्ट्रुप गेद्दे तेथे होते.
 

(१२)
दानावरची ढाल वाचायची कशी? समजा, एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये चांदीचा चषक आहे. तो उलटा केला की बुडाशी शेजारी शेजारी दोन ढाली दिसतात. आपल्या डावीकडच्या ढालीत मासा आणि वर ‘ओ’ व ‘ग’ ही आद्याक्षरे. उजवीकडे दुसरी ढाल, वर ‘द’ व ‘उ’.
ढाल धरणाऱ्याच्या बाजूने विचार केला तर आपले डावे ते त्याचे उजवे. तो मानाचा भाग, म्हणून तेथे पती. दुसरी ढाल पत्नीची.

(१३)
ओव्हे गेद्देची पत्नी होती डोर्थे उर्ने. भारतातून परतल्यावर १६२२ मध्ये त्यांचा विवाह झाला. ओव्हे १६६० मध्ये वारला. म्हणजे अशा कल्पित चषकावर साल कोरलेले नसले तरी तो साधारण या अडतीस वर्षांतला, असे म्हणता येते.
दोन ढालींनी एक दांपत्य आणि एक कालखंड दिला. चषक कोणत्या गावच्या चर्चला दिला, यावरून त्यांची जमीन कोठे होती याचा अंदाज येतो. एवढे सगळे, आणि एकही वाक्य लिहिलेले नाही.

(१४)
पत्नीची ढाल ‘उर्ने’ हीच राहिली, याकडे लक्ष द्या. डॅनिश सरदार घराण्यांतील स्त्रिया लग्नानंतर माहेरचे नाव आणि माहेरची ढाल सोडत नसत. डोर्थे शेवटपर्यंत उर्नेच होती.
म्हणून राजदरबाराच्या इतिहासात ज्या स्त्रियांना ओळही मिळत नाही, त्या चर्चच्या भिंतीवर पतीच्या बरोबरीने उभ्या असतात. त्याच आकाराची ढाल, त्याच उंचीवर.

(१५)
एलेन मार्सविन (१५७२–१६४९) हे याचे ठळक उदाहरण. लुडविग मुंकची ही विधवा आपल्या काळातली डेन्मार्कमधली एक बडी जमीनदार होती. फ्यून बेटावरची एक गढी विकत घेऊन तिने तिला स्वतःचे नाव दिले : एलेन्सबोर्ग. तेथील प्रार्थनागृहाचे सारे लाकूडकाम हान्स ड्रायर या कारागिराने कोरले. पुढे गढीचे नाव बदलून होल्केनहाव्न झाले, पण ते काम आजही आहे.
तिची मुलगी कियर्स्टेन मुंक राजा ख्रिश्चन चौथ्याची पत्नी झाली.

(१६)
दोन ढालींवरून सोळांकडे जाऊ. मोठ्या समाधिशिळांच्या कडेने ढालींची रांग असते, कधी आठ, कधी सोळा. सोळा म्हणजे खापरपणजोबा आणि खापरपणज्या यांची पिढी. पतीच्या उजव्या हाताला वडिलांकडची आठ घराणी, डाव्या हाताला आईकडची आठ.
या सोळांत आठ स्त्रिया. एकाही स्त्रीचे घराणे मधून गळलेले चालत नाही, कारण एक जागा रिकामी राहिली तर रक्तातले सरदारपण अपुरे ठरे.

(१७)
याचे प्रसिद्ध उदाहरण कागदावर आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जाक द गेन या डच कलावंताने ट्युको ब्राहेचे चित्र कोरले. ट्युको कमानीत उभा आहे आणि कमानीवर पूर्वजांच्या घराण्यांच्या ढाली नावांसह आहेत. त्यांत ‘रोसेनक्रान्स’ आणि ‘गुल्डेनस्टेरेन’ ही दोन नावे वाचता येतात.
‘हॅम्लेट’मधील राजपुत्राचे ते दोन जुने मित्र आठवले? शेक्सपिअरने ही नावे येथूनच उचलली की नाही, यावर वाद आहे. पण ती त्या काळातली खरीखुरी डॅनिश घराणी होती, यात शंका नाही.

(१८)
आता या साऱ्याच्या मुळाशी जाऊ. ढालीचा एवढा आग्रह कशासाठी? सरदाराची जमीन करातून मुक्त असे. उच्च पदे सरदारांसाठी राखीव असत. ‘मी सरदार आहे’ हे सिद्ध करणे म्हणजे पैसा आणि सत्ता सिद्ध करणे. चर्चमधली ढाल ही जाहीर साक्ष होती : दर रविवारी साऱ्या गावाने पाहिलेली, कोणी आक्षेप न घेतलेली.
चषक देवाला दिलेला होता. बुडाशी कोरलेली ढाल माणसांसाठी होती.

(१९)
आणि चषकाची चांदी कोठून आली? कुळांच्या धान्यातून, वेठीच्या श्रमातून. ज्यांनी ती शेते नांगरली, ते त्याच चर्चमध्ये मागच्या बाकांवर बसून ती ढाल पाहत. त्यांची ढाल कोठेच नाही. दान म्हटले की भक्ती डोळ्यांसमोर येते. पण दानाच्या मागे उभी असलेली माणसे दिसल्याशिवाय वाचन पुरे होत नाही.

(२०)
ढाल नाकारली गेली की काय होते, हे खुद्द ट्युको ब्राहेच्या घरात दिसते. त्याची सहचारिणी कियर्स्टेन योर्गेन्सदात्तर सामान्य घरातली होती. दोघांनी आयुष्यभर संसार केला, मुले झाली; पण कायद्याने मुले सरदार नव्हती. ब्राहेंची ढाल आणि वडिलार्जित जमीन त्यांना मिळणार नव्हती.
ताऱ्यांची स्थाने बिनचूक मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलांसाठी एक ढाल देता आली नाही.

(२१)
त्याच ट्युकोची बहीण सोफी ब्राहे. तिने उतारवयात डॅनिश सरदार घराण्यांची वंशावळ लिहिली, सुमारे नऊशे पानांची, साठेक घराण्यांची. तिचे हस्तलिखित आज लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.
सोफी एकटी नव्हती. राजमंडळातील एरिक क्राबे यांची मुलगी आणि स्टेनाल्टच्या याकोब ब्योर्नची पत्नी आन्ने क्राबे (१५५२–१६१८) हिनेही वंशावळी जमवल्या. चर्चमधील समाधिशिळांवरचे लेख आणि ढाली ती उतरवून घेई. जुनी लोकगीतेही तिने लिहून ठेवली.

(२२)
हे काम स्त्रियांनी का केले असेल? डॅनिश कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळे. म्हणजे लग्ने, बहिणी, मावश्या, विधवा यांच्यामधून जमीन फिरत असे. कोण कोणाची कोण, हे ज्याला ठाऊक, त्याला आपला हक्क मांडता येई. वंशावळ हा फावल्या वेळचा छंद नव्हता. ती घराची वही होती.
आज ज्या पुरुषांचे वंशवृक्ष आपण सहज वाचतो, त्यांतले पुष्कळ अशा वह्यांवर उभे आहेत.

(२३)
पुन्हा ओव्हेकडे. भारताकडे जाणाऱ्या मोहिमेसाठी आधी येन्स मुंक या अनुभवी दर्यावर्दीचे नाव होते. त्याचा बाप एरिक मुंक सरदारकीला चढून नंतर राजरोषात सापडला आणि कैदेत मेला. येन्स लहानपणापासून समुद्रावर राबून वर आला. निघण्याच्या थोडे आधी त्याला बाजूला केले गेले आणि १६१८ च्या नोव्हेंबरात नेतृत्व करीत निघाला तो तरुण ओव्हे गेद्दे.
केवळ ढालीने हे घडवले, असे म्हणणे धाडसाचे होईल. येन्सचे दरबारातील वजनदारांशी बिनसले होते. पण ढालीचे वजन तराजूत नव्हते, असेही म्हणवत नाही.

(२४)
१६१९ मध्ये येन्स मुंकला उलट दिशेला धाडले गेले, उत्तर अमेरिकेच्या वरून आशियाचा मार्ग शोधायला. हडसनच्या उपसागरात हिवाळ्याने आणि रोगाने त्याची माणसे संपवली. येन्स आणि दोन सोबती, एवढे तिघेच परतले.
ओव्हेच्या ताफ्यानेही वाटेत पुष्कळ माणसे गमावली. पण तो करार आणि किल्ला पदरात घेऊन १६२२ मध्ये मायदेशी पोहोचला. १६४५ मध्ये तो राज्याचा मुख्य आरमारप्रमुख झाला.

(२५)
मग आली १६५८ ची साल. रोस्किल्डेच्या तहाने डेन्मार्कने स्कोने प्रांत स्वीडनला दिला. ओव्हेचे जन्मस्थान टोमार्प परक्या देशात गेले. त्याच वर्षी स्वीडिश सैन्याने वृद्ध ओव्हेला कैद केले. १६६० च्या शरदात डेन्मार्कमध्ये राजपद वंशपरंपरागत झाले आणि सरदारांची जुनी मक्तेदारी मोडली. डिसेंबरात ओव्हे वारला.
दोन वर्षांत मातृभूमी गेली, ढालीचे वजन गेले आणि ढाल धरणारा गेला.

(२६)
स्कोने गेल्याचा परिणाम अभ्यासकाला आजही जाणवतो. ट्युको ब्राहेच्या आईवडिलांची समाधी कोगेर्योडच्या चर्चमध्ये आहे. घराणे डॅनिश, गाव आज स्वीडनचे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने १९३३ पासून देशातील चर्चचे एकेक करून वर्णन करणारी ग्रंथमाला चालवली आहे. दान, ढाल, लेख, सारे तीत नोंदलेले असते. पण स्कोनेतील चर्च त्या सीमेच्या पलीकडे पडतात.
लहान घराण्याचा माग काढणारा दोन देशांच्या दप्तरांत फिरतो.

(२७)
आणि काही ढाली केवळ चित्रात उरल्या आहेत. अठराव्या शतकात सोरेन आबिल्डगार्ड या चित्रकाराने डेन्मार्कभर हिंडून समाधिशिळा आणि चर्चमधील जुन्या वस्तू रेखाटल्या. शिळा जमिनीत बसवलेल्या असत, लोकांच्या पायांनी झिजत. ढालीवरचा मासा आधी खवले गमावतो, मग कल्ले, शेवटी उरते ती एक लांबट रेघ.
घराण्यातला शेवटचा पुरुष वारला की त्याच्या अंत्यविधीत ढाल मोडण्याची चाल होती. पण दगड, चांदी आणि काशावरच्या ढाली मोडायला कोणी जात नसे. म्हणूनच आपल्याला माग मिळतो.

(२८)
पुढे तंजावर भोसल्यांकडे आले आणि तरंगमबाडीच्या डॅनिश अधिकाऱ्यांना मराठी दरबाराशी व्यवहार करावा लागला. १८४५ मध्ये डेन्मार्कने ती वसाहत इंग्रजांना विकली. डान्सबोर्ग किल्ला उभा आहे. जवळच १७१८ सालचे न्यू जेरुसलेम चर्च आहे. त्याच्या दर्शनी भागावर मुकुटाखाली राजा फ्रेडरिक चौथ्याचे नाममुद्रांकन आहे.
डेन्मार्कच्या खेड्यांत ढाल जे काम करी, तेच हे चिन्ह येथे करते : देवाच्या घरावर देणाऱ्याची खूण.

(२९)
तेव्हा तरंगमबाडीला जाल किंवा कोठल्याही जुन्या चर्चमध्ये पाऊल ठेवाल, तेव्हा चार प्रश्न सोबत ठेवा. खूण कोणाची? ती कोणत्या बाजूला? शेजारी कोणाची? आणि खूण नसलेली माणसे कोठे बसत होती?
पहिल्या तीन प्रश्नांनी वंशावळ सापडते. चौथ्याने इतिहास सापडतो.

थ्रेड समाप्त. हाती लागलेली एखादी ढाल, शिळा किंवा घंटा असेल तर तिचे वर्णन जरूर लिहा. आपण मिळून वाचू.